शुक्रवारी रात्री फाटक उघडं ठेवा

ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर, धाव संपवून परतीच्या रस्त्याने येताना एका छोट्या खोलीच्या खिडकीतून कागदाचा अरुंद तुकडा हातात देतात. त्याला टाइमस्लिप म्हणतात. माझी पहिली टाइमस्लिप मी जपून ठेवली आहे. पाव मैलाला लागलेला वेळ 15.31 सेकंद, शेवटचा वेग ताशी 92.8 मैल, आणि पहिल्या 60 फुटांना लागलेला वेळ 2.46 सेकंद. गाडी म्हणजे पुढच्या चाकांवर चालणारी, टर्बो इंजिनची छोटी हॅचबॅक. इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी नळी, बदललेला, एक्झॉस्टचा मागचा भाग बदललेला, आणि इंजिनच्या संगणकात नवा मॅप, म्हणजे इंधन किती आणि ठिणगी कधी याचा नवा तक्ता. त्या रात्रीपर्यंत माझी गाडी चांगलीच वेगवान आहे अशी माझी खात्री होती. मग शेजारच्या लेनमधली, एकही पार्ट न बदललेली सेडान माझ्यापुढे निघून गेली.

रस्त्यावर असं झालं असतं तर माझ्याकडे दहा कारणं तयार होती. तो आधी निघाला, माझा गिअर नीट पडला नाही, मी पूर्ण पाय दिलाच नव्हता. स्लिपसमोर यातलं एकही टिकत नाही. मी दिव्याला किती उशिरा प्रतिसाद दिला ते तिच्यावर छापलेलं असतं. 60 फूट, 330 फूट, 660 फूट, 1000 फूट आणि 1320 फूट म्हणजे पूर्ण पाव मैल, प्रत्येक टप्प्यावर मी कुठे होतो ते छापलेलं असतं. मी कुठे हरलो ते बोट ठेवून दाखवता येतं. मी हरलो होतो पहिल्या 60 फुटांत, जिथे माझी पुढची चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि मी आवाजालाच वेग समजत बसलो.

अमेरिकेत अशा स्ट्रिप एकामागून एक बंद होत आहेत. न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला ड्रॅग रेसिंग 2018 मध्ये थांबलं. जॉर्जियातली अटलांटा ड्रॅगवे 2021 मध्ये गेली. टेक्सासमधली ह्यूस्टनची स्ट्रिप आणि कोलोराडोतली, 1958 पासून चालत आलेली बँडिमेअर, या दोन्हींचा शेवटचा हंगाम 2023 चा. बहुतेक ठिकाणची गोष्ट सारखीच असते. स्ट्रिप बांधली तेव्हा ती शहराबाहेर होती, मग शहर तिच्यापर्यंत आलं. जमिनीचा भाव चढला, नव्या वस्तीला आवाज नको झाला, चालवणाऱ्या कुटुंबाचं वय झालं. आणि हे होत असतानाच शहरांच्या सभागृहांत रस्त्यावरच्या शर्यतींविरुद्ध कडक कायदे मंजूर होतात, गाड्या जप्त होतात, चौकांत कॅमेरे लागतात. हे दोन वेगळे विषय म्हणून हाताळले जातात. एक जमीन वापराच्या समितीकडे जातो आणि दुसरा पोलिसांकडे. माझं म्हणणं असं आहे की हा एकच प्रश्न आहे. जे शहर स्ट्रिप जाऊ देतं आणि तिच्या जागी काहीच उभं करत नाही, ते शर्यत आपल्या रस्त्यांवर आणतं.

हे सत्तर वर्षांपूर्वी लोकांना कळलं होतं, आणि कळलेल्यांत पोलीसही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून, इंजिनं सुधारून तरुण मुलं रस्त्यांवर पळवत होती. 1950 मध्ये सांता आनाच्या विमानतळावर वापरात नसलेल्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली; एनएचआरए या नावाने आज जी ओळखली जाते ती हीच. 1953 मध्ये पोमोना इथे तिची पहिली अधिकृत शर्यत झाली, जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये आणि स्थानिक पोलिसांच्या पाठिंब्याने. पुढच्या वर्षी सेफ्टी सफारी नावाचं पथक गाडीला ट्रेलर जोडून देशभर फिरलं. त्याचे प्रमुख होते बड कून्स, जे पोमोनाच्या पोलीस दलातले होते. गावोगावी जाऊन ते तिथल्या क्लबना आणि अधिकाऱ्यांना दाखवत की वेळ कशी मोजायची, गाडी कशी तपासायची, प्रेक्षक कुठे उभे करायचे. पोलिसाने मुलांना शर्यत लावायला शिकवणं हे आज ऐकायला विचित्र वाटतं. तेव्हा तो पोलिसी कामाचाच भाग होता.

लॉस एंजेलिसमध्ये बिग विली रॉबिन्सन या माणसाने हीच गोष्ट फार अवघड परिस्थितीत करून दाखवली. 1965 मध्ये वॉट्स या तिथल्या काळ्या वस्तीत झालेल्या दंगलींनंतरच्या तणावात त्याने रस्त्यावर गाड्या पळवणाऱ्या काळ्या, गोऱ्या, लॅटिनो मुलांना ब्रदरहुड ऑफ स्ट्रीट रेसर्स या नावाखाली एकत्र आणलं, पोलिसांशी बोलणी केली, आणि 1974 मध्ये बंदराजवळच्या टर्मिनल आयलंडवर त्यांच्यासाठी स्ट्रिप उघडली. ती स्ट्रिप सतत टांगणीवर राहिली, बंद पडली, पुन्हा उघडली, आणि नव्वदच्या दशकात कायमची गेली. जागा बंदराची होती, आणि बंदराला ती दुसऱ्या कामासाठी हवी होती. 2012 मध्ये बिग विली गेला तोवर त्याचं अर्धं आयुष्य हीच एक जागा परत मिळवण्याच्या खटपटीत गेलं होतं. मला वाटतं, त्या शहराने त्याला नीट ऐकून घेतलं नाही.

याउलट सॅन दिएगोचं उदाहरण. तिथे 1998 मध्ये रेसलीगल नावाचा उपक्रम सुरू झाला आणि त्यामागे होते स्टीफन बेंडर, सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक. साथीच्या रोगाकडे जसं पाहावं तसं त्यांनी रस्त्यावरच्या शर्यतीकडे पाहिलं. मोठ्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये आठवा हिस्सा मैल, म्हणजे 660 फुटांचा ट्रॅक आखला आणि मुलांना तिथे बोलावलं. शहराने दुसऱ्या बाजूने रस्त्यावरची शर्यत बघायला उभं राहणाऱ्यांनाही दंड करणारा नियम आणला. माझा भर या जोडीवर आहे. नुसता दंड केला की गर्दी दुसऱ्या चौकात सरकते, आणि नुसता ट्रॅक आखला की तिथे फक्त आधीच शहाणी असलेली मुलं येतात.

आता रस्ता आणि स्ट्रिप यांत नेमका फरक काय, ते जरा खोलात जाऊन सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला दोन्हीकडे तेच दिसतं: दोन गाड्या, खूप आवाज, टायरचा धूर. ताशी 95 मैल म्हणजे सेकंदाला 42 मीटर. ब्रेक लावायचा विचार मनात येऊन पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढं अंतर गेलं, आणि गाडी अजून थांबायला लागलेलीच नाही. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. स्ट्रिपवर शेवटच्या रेषेपुढे याच कामासाठी सोडलेला लांब सरळ पट्टा असतो. तिथे बाजूने कुणी वळून येत नाही, कुणी कुत्रं घेऊन रस्ता ओलांडत नाही. दोन्ही बाजूंना कठडे असतात, रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून उभी असते. रांगेत उभं राहण्याआधी कुणीतरी बोनेट उघडून बॅटरी घट्ट आहे का, चाकांचे नट पूर्ण आहेत का, तेल किंवा पाणी गळतं का हे पाहतो. 14 सेकंदांच्या आत यायला लागलात की हेल्मेट सक्तीचं होतं, आणखी खाली गेलात की एका टप्प्यावर रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा आतला लोखंडी सांगाडा, लागतो.

आणि हा खेळ स्वतःला दुरुस्त करतो. जून 2008 मध्ये इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा हा फनी कार प्रकारातला नामांकित चालक धावेच्या शेवटी इंजिनचा स्फोट होऊन, गाडी न थांबल्याने मरण पावला. त्यानंतर काही दिवसांतच एनएचआरएने सर्वांत वेगवान दोन वर्गांसाठी शर्यत पाव मैलाऐवजी 1000 फुटांवर आणली. पाव मैल हे या खेळातलं पवित्र अंतर. अर्धशतकाचे सगळे विक्रम त्यावर रचलेले होते. तरी ते कापलं, कारण गाडी थांबायला जागा हवी होती. रस्त्यावर एखादा मुलगा गेला तर पुढच्या शुक्रवारी अंतर कोण कापतो?

मी इथे मुद्दाम साध्या गाडीबद्दल बोलतो आहे. टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गातल्या गाड्यांच्या हजारो हॉर्सपॉवरशी शहराच्या प्रश्नाचा काही संबंध नाही. त्या गाड्या रस्त्यावर येतच नाहीत. प्रश्न आहे नंबरप्लेट लावलेल्या, सोमवारी कामावर जाणाऱ्या छोट्या गाडीचा. अमेरिकेत या गाड्यांना स्पोर्ट कॉम्पॅक्ट म्हणतात. होंडाने 1989 मध्ये इंटिग्रामध्ये व्हीटेक, म्हणजे वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारं इंजिन आणलं आणि 1.6 लिटरमधून 160 हॉर्सपॉवर काढली. मित्सुबिशीने एक्लिप्समध्ये दोन लिटरचं टर्बो इंजिन दिलं. पुढे 1997 ची इंटिग्रा टाइप आर 195 हॉर्सपॉवर घेऊन आली. ज्यांच्याकडे मोठी व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरची गाडी घ्यायला पैसे नव्हते अशा मुलांच्या हाती हे सगळं जुन्या बाजारातून आलं. नव्वदच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात या गाड्यांच्या वेगळ्या शर्यती उभ्या राहिल्या. सुरुवातीला व्ही-8 वाल्यांनी त्यांची टर उडवली, मग सिव्हिकच्या वेळा पाहून ते गप्प झाले. एनएचआरएने 2000 च्या दशकात या गाड्यांसाठी मालिका सुरू केली आणि त्याच दशकात ती गुंडाळलीही. मालिका गेली, पण गाड्या राहिल्या, आणि त्या आजही स्ट्रिपच्या टेस्ट अँड ट्यून रात्रीच्या रांगेत उभ्या असतात. या रात्री बक्षीस नसतं, गट नसतात. गाडी आणा, तपासून घ्या, पळवा.

हलकं मॉडिफिकेशन केलेली छोटी गाडी या कामाला सर्वांत योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण तिची ताकद कमी असणं हेच आहे. मोठ्या ताकदीत चुका लपतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर पहिल्या क्षणापासून भौतिकशास्त्र विरोधात उभं असतं. गाडी उसळली की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि ओढायचं काम नेमकं त्यांनाच करायचं असतं. दोन चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल साधा असेल तर एकच चाक फिरतं आणि ताकद त्या वाटेने निघून जाते. यावर उपाय काय? जास्त हॉर्सपॉवर हा उपाय तर नक्कीच नाही. पुढच्या टायरमधली हवा थोडी कमी करा, मागच्यातली वाढवा. रेषेआधी टायर फिरवून तापवण्यासाठी केलेल्या पाण्याच्या खड्ड्याला वळसा घालून जा, कारण रस्त्यावरच्या टायरच्या खाचांत पाणी अडकतं आणि सुरुवातीच्या रेषेवर ठिबकतं. क्लच किती आरपीएमवर सोडायचा ते शोधा: जास्त झाले तर चाकं फिरतात, कमी झाले तर टर्बो झोपतो आणि गाडी गुदमरते. त्या दोन्हींच्या मधली जागा अरुंद असते आणि ती प्रत्येक गाडीची वेगळी असते. पहिल्या 60 फुटांत एक दशांश वाचला तर शेवटाला साधारण दीड ते दोन दशांश वाचतात. हे कळायला मला चार रात्री लागल्या.

दुसरा धडा असा की शेवटचा वेग आणि एकूण वेळ दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. वेग स्ट्रिपच्या शेवटच्या 66 फुटांत मोजतात आणि तो मुख्यतः इंजिनाची ताकद आणि गाडीचं वजन यांवर ठरतो. वेळ मात्र सुरुवातीवर फार अवलंबून असते. वेग तोच राहून वेळ सुधारली तर श्रेय चालवणाऱ्याचं. वेग वाढला तर गाडीचं. म्हणून पार्ट बदलल्यावर आधी वेगाकडे पाहायचं. मी इनटेक बदलला होता त्याने माझा वेग वाढलेला नव्हता. संगणकाची नोंद उतरवून पाहिली तेव्हा दिसलं की नवा इनटेक बोनेटखालची गरम हवा ओढतो आहे. ज्या आवाजावर मी खूश होतो तो गरम हवेचा आवाज होता. मूळचा इनटेक परत बसवला, तर वेग तसूभरही कमी झाला नाही.

मॅपचीही तीच गोष्ट. एका ट्यूनरकडून तयार मॅप घेतला होता. कागदावर ताकद वाढली होती. पण नोंदीत तिसऱ्या गिअरला नॉकिंगची, म्हणजे इंधन अवेळी पेट घेण्याची, चिन्हं दिसत होती आणि संगणक स्वतःच इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेत होता. म्हणजे मॅप मागत होता एक आणि इंजिन देत होतं दुसरं. पेट्रोल पूर्ण जळण्याचं प्रमाण हवा 14.7 भाग, इंधन एक भाग. पण टर्बो इंजिनवर पूर्ण पाय दिला की इंधन त्याहून बरंच जास्त लागतं, साधारण 11 ते 12 भाग हवेला एक, नाहीतर सिलिंडरमधली उष्णता आवरत नाही. माझा मॅप या हिशेबात कोरडा होता, म्हणजे इंधन कमी देत होता. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, थोडा उतरवला, टायमिंगची घाई कमी केली, आणि गाडी जास्त वेगाने गेली. कमी मागून जास्त मिळालं, आणि हे फक्त मोजल्यामुळे कळलं. रस्त्यावर मी त्याच मॅपवर पिस्टन फुटेपर्यंत चालवत राहिलो असतो.

मग हवामान. रात्र थंड झाली की हवा दाट होते आणि गाडी आपोआप सुधारते. याचं श्रेय नव्या पार्टला देणं हा ट्यूनिंगमधला सर्वांत जुना मोह आहे. बँडिमेअरची स्ट्रिप समुद्रसपाटीपासून 5,800 फुटांवर होती. तिथे साध्या इंजिनाची सुमारे सहावा हिस्सा ताकद विरळ हवेत जायची, टर्बोवाल्यांचं नुकसान कमी व्हायचं, आणि डोंगरावरच्या वेळेची किनाऱ्यावरच्या वेळेशी तुलना करायला हिशेब मांडावा लागायचा. रांगेत अर्धा तास उभं राहिलं की टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापतो, म्हणून लोक बोनेट उघडं ठेवतात, इनटेकवर बर्फाच्या पिशव्या ठेवतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीन धावा घ्या, तापमान लिहून ठेवा. प्रयोगशाळेत जी शिस्त शिकवतात तीच इथे वीस वर्षांची मुलं कुणी न सांगता पाळतात, आणि तीही चुरशीने. त्या हंगामाच्या शेवटी माझी स्लिप होती 14.58 सेकंद, वेग 94.6, आणि 60 फूट 2.14. जे 0.73 सेकंद सुटले त्यांतले जवळपास दोन तृतीयांश टायरच्या हवेतून आणि डाव्या पायातून आले, असा माझा हिशेब आहे.

याच्या जोडीला ब्रॅकेट रेसिंग नावाचा प्रकार आहे आणि मला तो या खेळातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. धावेआधी तुम्ही तुमच्या गाडीची वेळ स्वतः काचेवर लिहायची. मी 14.60 लिहिले, समोरच्याने 11.80, तर मला 2.80 सेकंद आधी हिरवा दिवा मिळतो. पण लिहिल्यापेक्षा लवकर पोहोचलात तर बाद. म्हणजे आपली गाडी आहे त्याहून हळू सांगणारा हरतो आणि आहे त्याहून वेगवान सांगणाराही हरतो. दिव्यांचा जो खांब आहे, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात आणि जो 1963 मध्ये आला, तो हजारांश सेकंदापर्यंत तुमचा प्रतिसाद मोजतो. घड्याळ मात्र चाक हलल्यावरच सुरू होतं. त्यामुळे जास्त वेळ घेतलेली गाडीही आधी पोहोचून जिंकू शकते. पंधरा सेकंदांची जुनी सिव्हिक अकरा सेकंदांच्या मस्टँगला हरवून परत येते तेव्हा रांगेत जो आनंद होतो तो मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

आता विरोधकांचं म्हणणं, कारण त्यातलं बरंच खरं आहे.

आवाजाची तक्रार खरी आहे. स्ट्रिप आधी होती आणि घरं नंतर आली हा युक्तिवाद आमच्या बाजूचे लोक फार करतात. तो मला अपुरा वाटतो. ज्या बाईला सकाळी सहाला कामावर जायचं आहे तिला रात्री झोप हवी, तिने घर कधी घेतलं याच्याशी त्याचा संबंध नाही. पण इथे आवाज कुणाचा हे पाहावं लागेल. शेजाऱ्यांच्या भिंती हादरवतात त्या उघड्या पाइपच्या व्यावसायिक गाड्या, आणि त्या वर्षातून मोजक्या दिवशी येतात. हलकं मॉडिफिकेशन केलेली, सायलेन्सर शाबूत असलेली छोटी गाडी एखाद्या मोठ्या ट्रकइतकाच आवाज करते, तोही पंधरा सेकंद. म्हणून रात्री ठरावीक वेळेनंतर फक्त सायलेन्सरच्या आणि नंबरप्लेटच्या गाड्या असा नियम करा आणि आवाज मोजणारं यंत्र फाटकाजवळ ठेवा. मोठा आवाज करणाऱ्याला परत पाठवा. स्ट्रिपवाल्यांनी हे स्वतःहून करायला हवं होतं. बऱ्याच जणांनी केलं नाही, आणि त्याची किंमत सगळ्यांनी भरली.

धुराची तक्रारही खरी आहे. अमेरिकेच्या क्लीन एअर कायद्याप्रमाणे रस्त्यासाठी प्रमाणित केलेल्या गाडीची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढणं किंवा निकामी करणं बेकायदा आहे, आणि कॅलिफोर्नियात अशा यंत्रणेवर परिणाम करणाऱ्या पार्टला राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो. आमच्यातले अनेक जण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकतात आणि त्याला ट्यूनिंग म्हणतात. मी त्यांच्या बाजूने बोलणार नाही. कन्व्हर्टर काढून मिळणारे दोन दशांश शेजारच्या मुलाच्या छातीत जातात. जी गाडी रस्त्याने घरी जाणार आहे तिची ती यंत्रणा जागेवर हवी, आणि हे स्ट्रिपच्या तपासणीत पाहायला काहीच हरकत नाही. कन्व्हर्टर ठेवून, बूस्ट आणि टायमिंग नीट बसवून, हलकी चाकं आणि चांगले टायर लावून 14 सेकंदांच्या घरात येता येतं. माझी गाडी तशीच आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. चौक अडवून गोल गोल टायर जाळणाऱ्या, ज्याला तिकडे टेकओव्हर म्हणतात ते करणाऱ्या जमावाला स्ट्रिप नकोच आहे. त्यांना चौकच हवा, अडवलेली वाहतूक आणि फोनचे कॅमेरे हवेत. हे मी मान्य करतो. स्ट्रिप उघडून तो जमाव घरी जाणार नाही, त्याला पोलीसच लागतील. पण त्या जमावाच्या कडेला उभा असलेला, आपली गाडी किती वेगाने जाते हे खरोखर जाणून घ्यायची इच्छा असलेला मुलगा वेगळा आहे. त्याला आज जायला एकच जागा आहे. त्याला तिथून उचलून नेणं शक्य आहे, आणि तो गेला की कडेची गर्दी पातळ होते. 1984 मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे पोलिसांनी बीट द हीट नावाने आपल्याच गाड्या स्ट्रिपवर आणून मुलांना आव्हान द्यायला सुरुवात केली, ती याच मुलासाठी. गणवेशातल्या माणसाला हरवल्याची स्लिप खिशात असलेला मुलगा त्या माणसाशी नंतर बोलतो. दंडाची पावती खिशात असलेला बोलत नाही.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. स्ट्रिपची जमीन विकायला परवानगी देताना शहराने विचारावं की ही सोय आता कुठे होणार, जसं पोहण्याचा तलाव किंवा मैदान पाडताना विचारतात. पाव मैलाला जागा नसेल तर 660 फूट आखावेत. थांबायला पुरेशी लांबी असलेली जुनी धावपट्टी किंवा मोठं पार्किंग त्याला चालतं, आणि वेगही आटोक्यात राहतो. 60 फुटांचा धडा 660 फुटांतही पूर्ण शिकता येतो. प्रवेश स्वस्त ठेवावा, कारण ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला चौकात उभं राहायची गरजच पडत नाही. आणि वेळ बदलावी. अनेक स्ट्रिप टेस्ट अँड ट्यूनची रात्र आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी ठेवतात, मोठे कार्यक्रम शनिवारी ठेवतात, आणि रात्री दहाच्या सुमारास दिवे मालवतात. ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तो शुक्रवारी कामावरून सुटतो, जेवतो, मित्रांना फोन करतो आणि दहाला घरून निघतो. त्याच्यासाठी फाटक शुक्रवारी रात्री एक वाजेपर्यंत उघडं हवं. त्याला नवा कायदा लागत नाही. तीन तासांची वीज लागते, वेळ मोजणारी दोन माणसं, सुरुवातीच्या रेषेवरचा एक अधिकारी आणि थांबून राहणारी रुग्णवाहिका लागते. हा खर्च शहराने स्ट्रिपवाल्याला द्यावा, आणि तो वाहतूक सुरक्षेच्या खात्यातून द्यावा.